एकाला स्की, एकाला स्नोबोर्ड

हिवाळ्यात श्रीनगरहून गुलमर्गला जाणाऱ्या मराठी पर्यटकाचा दिवस साधारण ठरलेला असतो. टंगमर्गला गाडी थांबते, भाड्याचा लांब कोट आणि गमबूट चढतात, वर गेल्यावर गोंडोलाची, म्हणजे रोपवेची, एक फेरी, मग कुणीतरी दोरीने ओढत नेलेल्या लाकडी स्लेजवर बसून फोटो, मॅगी, काहवा आणि संध्याकाळी परत श्रीनगर. यात गैर काही नाही. पण त्याच मैदानात, स्लेजच्या गर्दीपासून थोडं पलीकडे, शाळकरी काश्मिरी पोरं हातात काठ्याही न घेता उतारावरून सपासप येत असतात. त्यांच्याकडे बघताना ‘आपल्याला जमेल का हे?’ असं नवरा-बायकोपैकी एकाला तरी वाटतंच.

जमतं. चाळिशीतल्या, अधूनमधून चालायला जाणाऱ्या माणसालाही जमतं. मात्र त्यासाठी गुलमर्गातच मुक्काम हवा. श्रीनगरहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याच्या हाती तासभर उताराशिवाय काही लागत नाही. आम्ही गेलो तेव्हा मी स्की घेतले आणि नवऱ्याने स्नोबोर्ड. त्याला बोर्डच हवा होता, मला दोन्ही पाय मोकळे हवे होते. एकाच उतारावर एकाच सकाळी सुरुवात करूनही दोघं इतक्या वेगळ्या चालीने का शिकतात, हे आधी माहीत असलं तर सुट्टीतली निम्मी चिडचिड वाचते. हा लेख मुख्यतः त्यासाठी.

कुठे आणि कधी

गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, म्हणजे त्याच्याही हजार मीटर वर तुम्ही बूट घालायला बसता. मधोमध खोलगट मैदान, उन्हाळ्यात तिथे गोल्फ चालतो, हिवाळ्यात त्याच गोल्फच्या मैदानाचे मंद उतार नवशिक्यांना मिळतात. स्कीचा इथला इतिहास जुना आहे: ब्रिटिशांनी 1927मध्ये इथे स्की क्लब काढला, आणि स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948मध्ये लष्कराने सुरू केलेली स्कीची शाळा पुढे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झाली. 2022च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता आरिफ खान. तो इथलाच, वडिलांचं गुलमर्गात स्कीचं दुकान. जायंट स्लॅलममध्ये तो 45वा आला.

दुसरे पर्याय म्हणजे उत्तराखंडात औली आणि हिमाचलात मनालीजवळचं सोलंग. औलीचे उतार शिकायला छान, समोर नंदादेवी. पण 2023मध्ये पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचायला लागल्यावर तिथला रोपवे बंद झाला, तेव्हा जाण्याआधी चौकशी करावी. सोलंगला गर्दी फार आणि उंची कमी असल्याने बर्फाचा भरवसाही कमी. बर्फाच्या खात्रीसाठी मी गुलमर्गच निवडेन.

खात्री म्हटलं तरी तीही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. काश्मीरचा कडाक्याचा काळ, ‘चिल्लई कलां’, 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा. तरी जानेवारी 2024च्या पहिल्या पंधरवड्यात गुलमर्गची मैदानं तपकिरी कोरडी पडली होती, आणि इथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून फेब्रुवारीच्या उत्तरार्धात घ्याव्या लागल्या. 2025मध्ये त्या मार्चवर गेल्या. म्हणून नाताळची सुट्टी साधून जाण्यापेक्षा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर हा काळ बरा. विमानाचं तिकीट आणि हॉटेल तारीख बदलता येईल असंच घ्यावं, चार पैसे जास्त गेले तरी.

दोन फळ्या की एक

स्कीवर दोन पाय दोन वेगळ्या फळ्यांवर, तोंड समोर, हातात काठ्या. चालताना शरीर ज्या दिशेला असतं, त्याच दिशेला घसरतानाही. तोल गेला तर एक पाय बाजूला टाकून सावरता येतं. त्यामुळे पहिल्या सकाळीच थोडंफार घसरणं, थांबणं होऊन जातं, आणि ‘अरे, हे तर सोपं आहे’ असं वाटू लागतं.

स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला आवळलेले. शरीर आडवं, एक खांदा उताराकडे, आणि पाठीमागे काय चाललंय ते दिसतच नाही. पाय सुटा टाकून सावरायची सोय नाही. साहजिकच पहिला दिवस बसण्यात आणि उठण्यात जातो. नवरा उठला की मी वीस पावलं पुढे, तो पुन्हा बसला की मी थांबलेली, असं चित्र दुपारपर्यंत होतं.

गंमत पुढे आहे. बोर्डवाल्याला टाचेकडून चवड्याकडे आणि परत असं वळण एकदा जोडता आलं की त्याची प्रगती झपाट्याने होते. स्कीवाला मात्र फळ्यांची टोकं जुळवून ब्रेक लावत उतरण्याच्या पायरीवर बराच काळ रेंगाळतो. दोन्ही फळ्या समांतर ठेवून वळणं घ्यायला एक सुट्टी सहसा पुरत नाही. सगळीकडचे प्रशिक्षक हेच सांगतात: स्की शिकायला सोपं, मुरायला अवघड, बोर्डचं उलट. तेव्हा पहिल्या दिवशी मागे पडलेल्याला सल्ले देऊ नयेत. दोन-तीन दिवसांत पारडं फिरतं.

वयाने दोन्हीत आजोबा-नातवाचं अंतर आहे. स्की हजारो वर्षं जुना, उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात कामाला जाण्याचं साधन. बोर्डचा जन्म 1965चा, अमेरिकेतल्या मिशिगनचा: शर्मन पॉपेन या गृहस्थांनी नाताळच्या दिवशी मुलींना खेळायला दोन स्की एकमेकींना जोडून दिले. 1977मध्ये जेक बर्टन यांनी व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायचा धंदा काढला, आणि 1998च्या नागानो ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. मधल्या काळात बऱ्याच स्की रिसॉर्टनी बोर्डवाल्यांना दारातच अडवलं होतं. अमेरिकेत तीन ठिकाणी, युटातल्या अल्टा आणि डिअर व्हॅलीत आणि व्हरमाँटच्या मॅड रिव्हर ग्लेनला, ती बंदी अजून आहे. गुलमर्गात असा भेदभाव नाही.

बुटांवर वेळ घालवा

सामान भाड्याने मिळतं. लोक फळीचा रंग बघतात आणि बूट मिळेल तो घेतात. खरं तर उलटं करायला हवं.

स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचं कवच, समोर सहसा चार बकल. पाय आत सरकवायचा, टाच दोनदा जमिनीवर आपटून मागे बसवायची, मग बकल लावायचे. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की बोटं किंचित मागे आली पाहिजेत. टाच आत उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. मोजा एकच, पातळ आणि लांब. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घातले की घडी पडते, रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतो. आतली थर्मल पँट बुटात खोचायची नाही, हेही कुणी सांगत नाही. संध्याकाळी नडगीवर उमटलेला वळ सांगतो.

बूट फळीला धरून ठेवतं ते बाइंडिंग. जोराचा पिळा बसला की ते आपोआप सुटावं अशी त्याची रचना असते, आणि किती जोराला सुटावं याचा आकडा त्याच्यावरच्या छोट्या खिडकीत दिसतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवर तो ठरतो; नवशिक्याला कमी ठेवतात. आम्ही गेलो त्या दुकानात हे कुणी विचारलंच नाही. माझ्याआधी कोण्या धिप्पाड माणसाने नेलेली जोडी तशीच माझ्या हातात आली होती. वजन सांगून आकडा कमी करा म्हटल्यावर पोऱ्याने स्क्रूड्रायव्हर काढला आणि अर्ध्या मिनिटात केला. हे तोंडाने मागावं लागतं.

स्नोबोर्डचे बूट मऊ, चालायला सुखाचे. पण बोर्डचं बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही. पाय फळीलाच राहतात. बोर्ड घेताना कुठला पाय पुढे ते ठरवावं लागतं. त्याची जुनी युक्ती म्हणजे बेसावध असताना मागून हलका धक्का द्यायचा. जो पाय आपसूक पुढे पडतो तो पुढचा. हे काम बायकोकडे सोपवलं तर ती आनंदाने करते.

स्कीचा पहिला धडा

उताराला आडवं उभं राहायचं. बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फाचा थर काठीच्या टोकाने खरवडून काढायचा, नाहीतर बाइंडिंगचा खटका बसत नाही, आणि माणूस ‘बूट छोटा आहे’ म्हणून दुकानदाराला दोष देत बसतो. खालच्या बाजूचा स्की आधी घालायचा, वरचा नंतर. टाच दाबली की खट्ट आवाज येतो.

आधी शिकायचं ते थांबणं. पुढची टोकं जवळ, मागच्या शेपट्या फाकवलेल्या, दोन्ही फळ्या आतल्या कडांवर किंचित कललेल्या. जितकं फाकवाल तितका वेग कमी. हे आलं की वळण: उजव्या पायावर भार दिला की डावीकडे, डाव्यावर दिला की उजवीकडे. पहिल्यांदा ऐकताना हे उफराटं वाटतं. वेग आवरण्याचा खरा मार्ग ब्रेक दाबत राहणं हा नसून वळत राहणं हा आहे. फळी उताराला आडवी गेली की वेग आपोआप मरतो.

सगळ्यात अवघड गोष्ट भीतीशी संबंधित आहे. खाली जायची भीती वाटली की अंग आपोआप मागे, डोंगराकडे कलतं. तसं झालं की भार शेपट्यांवर जातो, पुढची टोकं हलकी पडतात, फळी ऐकेनाशी होते आणि वेग वाढतो. वेग वाढला की माणूस आणखी मागे कलतो. यातून बाहेर पडायचं तर भीती वाटत असतानाच नडगी बुटाच्या जिभेवर दाबून पुढे झुकायचं. माझ्या प्रशिक्षकाचं दिवसभर एकच वाक्य होतं, “घुटना आगे, मॅडमजी, घुटना आगे.” मी स्वतःच्या पायांकडे बघत होते, म्हणून तो माझ्यापुढे पाठमोरा घसरत राहिला आणि हनुवटी वर करायची खूण करत राहिला. नजर वर गेली आणि गुडघे आपसूक पुढे आले.

स्नोबोर्डचा पहिला धडा

पहिला व्यायाम एकाच पायाचा. पुढचा पाय बांधलेला, मागचा मोकळा, त्याने ढकलत सपाटीवर चालायचं. मग उतारावर दरीकडे तोंड करून टाचेच्या कडेवर उभं राहायचं. चवडे वर उचललेले असले की बोर्ड थांबतो, थोडे खाली सोडले की आडवाच सावकाश खाली घसरतो. भार डाव्या पायावर दिला की तिरकं डावीकडे, उजव्यावर दिला की उजवीकडे. यात एक दिवस जातो. दुसऱ्या दिवशी हेच डोंगराकडे तोंड करून, चवड्यांच्या कडेवर. मग दोन्ही जोडायचे, आणि तिथे एक क्षण असा येतो की बोर्डचं नाक थेट खाली दरीकडे असतं आणि वेग वाढतो. त्या क्षणी अंग आखडलं की पडलात. चालत्या लोकलमध्ये खांब न धरता आडवं उभं राहणाऱ्याचे गुडघे जसे सैल असतात, तसे ठेवावे लागतात.

बोर्डचा कायदा एकच: टेकलेली कड नेहमी चढाकडची. उताराकडची कड चुकून बर्फाला टेकली की ती रुतते, बोर्ड जागीच अडतो आणि माणूस उताराच्या दिशेने फेकला जातो. नवऱ्याचं असंच झालं. डोंगराकडे तोंड करून, चवड्यांवर उभा राहून तो छान सावकाश खाली येत होता. मी कुठे आहे ते बघायला त्याने मान मागे वळवली, मानेबरोबर खांदा वळला, टाच एक इंच खाली आली. पुढचं मला नीट दिसलंही नाही. फक्त हेल्मेट बर्फावर आपटल्याचा आवाज आला आणि तो आकाशाकडे बघत होता. हेल्मेट भाड्याने मिळतं आणि घासाघीस करताना आधी तेच वगळलं जातं. ते वगळू नये.

उठायची एक सोपी युक्ती आहे. बसल्या जागेवरून टाचेवर उठायला पोटात जोर लागतो. त्यापेक्षा पालथं होऊन, डोंगराकडे तोंड करून गुडघ्यांवरून उठावं. पोट थोडं सुटलेल्यांना हाच मार्ग बरा.

शिकवायचं कोणी

एकमेकांना अजिबात नाही. एकाला आधी येत असलं तरी नाही. दोघांचे प्रशिक्षक वेगळे घ्यावेत. स्की शिकवणारा बोर्ड चांगला शिकवेलच असं नाही. पर्यटन खात्याकडे नोंदणी असल्याचं ओळखपत्र बघावं, तास आणि पैसे आधी ठरवावेत, आणि सामान त्या पैशांत धरलंय का तेही. सकाळी दोन तास वेगवेगळं, जेवायला एकत्र, असं वेळापत्रक आम्हाला मानवलं.

सलग दोन आठवडे रजा असणाऱ्यांना सरकारी संस्थांचे निवासी अभ्यासक्रम आहेत: गुलमर्गला भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था, पहलगामची जवाहर संस्था, मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था, औलीला गढवाल मंडल विकास निगम. फी खासगीच्या मानाने बरीच कमी, शिस्त बरीच जास्त. मधुचंद्राला अर्थातच हे चालणार नाही.

धडे संपून दोघं एकत्र निघालात की सपाटीवर बोर्डवाल्याचे हाल असतात. वेग संपला की त्याला पट्टा सोडून चालावं लागतं. स्कीवाल्याने काठी मागे धरावी, बोर्डवाल्याने तिचं टोक पकडावं, आणि मग त्याला ओढून न्यावं. दोघांत एकाने स्की घेतल्याचा हा फायदा.

पडणं आणि दुखापत

पडणार हे गृहीत धरा. स्कीवाल्यांचा गुडघा आणि अंगठा धोक्यात असतो: मागे कलून पडताना गुडघ्याचे अस्थिबंध पिळले जातात, आणि मुठीत काठी तशीच ठेवून हातावर पडलं की अंगठ्याच्या मुळाशी इजा होते. तोल जातोय असं वाटलं की काठ्या सोडून चढाच्या बाजूला कुल्ल्यावर बसावं. बोर्डवाल्यांचं मनगट जातं, कारण पडताना पंजा पसरून टेकवला जातो. मुठी मिटून हात छातीशी घ्यायची सवय आधीच लावावी. स्केटिंगचे मनगटपट्टे घरूनच न्यावेत, हातमोज्याखाली बसतात.

बऱ्याचशा दुखापती दुपारनंतर, थकल्यावर होतात. ‘शेवटची एक फेरी’ ही नेमकी टाळायची. निघण्याआधी महिनाभर जिने चढणं आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं केलं तर मांड्या ऐकतात. प्रवास विमा काढताना त्यात साहसी खेळ धरलेत का ते वाचा. पुष्कळदा वगळलेले असतात.

उतारावरचे नियम जगभर सारखेच: खालच्याला आधी वाट द्यायची, कारण त्याला मागचा दिसत नाही, निघताना वर बघायचं, थांबायचं ते कडेला. गुलमर्गात यात स्लेजवाले, चहावाले आणि सेल्फी काढणारे यांची भर पडते.

कपडे आणि ऊन

जीन्स आणि सुती बनियन नको, भिजलं की वाळत नाही. आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट-पँट. बोर्डवाल्याची पँट बुडाशी खरोखर पाणबंद हवी. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो आणि उंचीवर ऊन मुळातच तीव्र. म्हणून गॉगल, आणि सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही. ढग असले तरी. पहिल्या दिवशी धाप लागते, पाणी भरपूर प्या.

गोंडोला कधी

गोंडोलाचा पहिला टप्पा, गुलमर्ग ते कोंगडोरी, 1998चा. अफरवाट शिखराच्या खांद्यापर्यंत नेणारा दुसरा 2005चा. दुसरा टप्पा 3,900 मीटरच्या पुढे सोडतो, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 62 टक्केच असतो. तिथून खालचे उतार नवशिक्यांसाठी नाहीत. गस्त आणि हिमस्खलनाची काळजी ठरावीक पट्ट्यापुरतीच, त्याबाहेर ज्याची त्याची जबाबदारी. फेब्रुवारी 2023मध्ये अफरवाटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, फेब्रुवारी 2024मध्ये एक रशियन. हे लोक शिकाऊ नव्हते.

मैदानातल्या उतारावर दोन्हीकडे वळता येतं आणि म्हणाल तिथे थांबता येतं, असं दोघांचंही झालं की प्रशिक्षकाला घेऊन कोंगडोरीच्या मंद भागात जायला हरकत नाही. एकाचंच झालं असेल तर त्याने एकट्याने जावं. दुसऱ्याला भरीस घालून वर नेलं की खाली आणताना प्रशिक्षकाचा जीव मेटाकुटीला येतो. दुसरा टप्पा फक्त बघण्यासाठी. हवा स्वच्छ असली तर नंगा पर्बत दिसतो. तिकिटं आधीच ऑनलाइन काढावीत, दुसऱ्या टप्प्याची लवकर संपतात, आणि वारा वाढला की आधी तोच बंद होतो. म्हणून सकाळी पहिल्या फेरीला, स्की आणि बोर्ड खाली दुकानातच ठेवून.